काम किती टक्के झालं?

बांधकामाच्या साइटवर एका प्रश्नाला कधीच सुट्टी नसते: "काम किती झालं?" बिल्डर विचारतो, कर्ज देणाऱ्या बँकेचा इंजिनिअर विचारतो, फ्लॅट बुक केलेलं कुटुंब रविवारी फेरी मारायला येतं तेव्हा गेटवरच्या वॉचमनलाही विचारतं. उत्तर ठरलेलं असतं. "नव्वद टक्के झालंय, फक्त फिनिशिंग बाकी आहे." परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास किती झाला म्हणून विचारल्यावर मुलं देतात, त्याच जातीचं हे उत्तर. तीन महिन्यांनी पुन्हा विचारलं तरी आकडा नव्वदवरच ठाण मांडून बसलेला असतो.

हा आकडा नीट काढता यावा म्हणून गेल्या चाळीस वर्षांत भरपूर सॉफ्टवेअर आलं. प्रिमावेरा ही कंपनी १९८३ साली निघाली, २००८ मध्ये ओरॅकलने ती विकत घेतली. तिचं सॉफ्टवेअर आज मेट्रो, धरणं, रिफायनऱ्या अशा मोठ्या कामांवर जगभर चालतं. मध्यम कामांवर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट असतं. त्याहून लहान कामांवर एक्सेलची शीट आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप, यांचंच राज्य आहे. अलीकडे साइटवर उभ्या उभ्या मोबाइलमधून नोंद करता येणारी अ‍ॅपही पुष्कळ निघाली आहेत. ती विकणारे सांगतात की ऑफिसात बसून तुम्हाला सगळं काम दिसेल.

पण सॉफ्टवेअरला इमारत दिसत नाही. त्याला दिसतो तो कोणीतरी भरलेला आकडा. तो आकडा कोणी भरला, कशावरून भरला आणि कोणता नियम लावून भरला, यावर पुढचे सगळे रंगीत आलेख खरे की खोटे ते ठरतं. बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअरच्या लायसन्सवर लाखो रुपये जातात आणि या नियमावर कोणी अर्धा तासही बसत नाही. माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

एक साधा स्लॅब घेऊन बघू. सातव्या मजल्याचा. सुतारांची टोळी सेंटरिंग लावते: खाली टेकू, त्यावर बीमचे तळ, मग प्लाय. त्यावर फिटर येऊन सळ्या बांधतात. वायरमन पाइप टाकतो, फॅनबॉक्स बसवतो. प्लंबर टॉयलेटच्या जागी स्लीव्ह सोडतो. सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत ना, हे पाहून आरसीसी कन्सल्टंटचा माणूस चेकिंग करून जातो. मग तयार काँक्रीट आणणाऱ्या आरएमसीच्या गाड्यांची रांग लागते आणि एका दिवसात, कधी रात्री उशिरापर्यंत, स्लॅब भरून होतो. दुसऱ्या दिवशी वर सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून पाणी भरतात. खालचे टेकू मात्र लगेच काढता येत नाहीत. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू निदान ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस.

आता शुक्रवारची संध्याकाळ आहे. सेंटरिंग झालंय, सळई अर्धी बांधून झाली आहे. काम किती टक्के? सुपरवायझर म्हणेल सत्तर, कारण त्याच्या डोळ्यांपुढे टोळ्यांनी घातलेले दिवस आहेत. ठेकेदार म्हणेल पंच्याऐंशी, कारण सळई आणि प्लायचे पैसे त्याने आधीच मोजलेत. बिलिंग इंजिनिअर म्हणेल शून्य, कारण काँक्रीटचं माप घनमीटरमध्ये घ्यायचं असतं आणि काँक्रीट अजून पडलेलं नाही. यातलं कोणीही खोटं बोलत नाही. मात्र या तिघांपैकी ज्याच्या हातात मोबाइल असेल त्याचा आकडा अ‍ॅपमध्ये जाईल, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या हातात असेल तर आलेख खाली उतरल्यासारखा दिसेल.

म्हणून जाणते प्लॅनिंग इंजिनिअर काम सुरू होण्याआधीच वजनं ठरवून ठेवतात. समजा, सेंटरिंग पूर्ण झालं की ३० टक्के, सळई बांधून चेकिंगची सही झाली की आणखी ३५, काँक्रीट पडलं की २५, टेकू निघून खालचा मजला मोकळा झाला की उरलेले १०. मधलं काही नाही. अर्धी सळई बांधली, तर तिचे गुण शून्य. हे कठोर वाटतं, साइटवरचे लोक कुरकुरतात. पण त्यामुळे अंदाजाला जागा राहत नाही. शेवटचे दहा टक्के राखून ठेवण्यातही शहाणपण आहे. टेकू निघाल्याशिवाय खालच्या मजल्यावर विटकाम सुरू होत नाही, आणि वर भराभर स्लॅब टाकून खाली टेकूंचं जंगल तसंच ठेवणाऱ्या साइट आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

टक्के असे प्रामाणिकपणे आले की मग सॉफ्टवेअरचा खरा उपयोग सुरू होतो. त्यातली सगळ्यात कामाची पद्धत म्हणजे ‘अर्न्ड व्हॅल्यू’. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ साली आपल्या ठेकेदारांसाठी पस्तीस निकष ठरवून दिले, तिथून ती रुजली. नाव जड आहे, हिशेब सोपा आहे.

समजा, एक इमारत २० कोटींत आणि २० महिन्यांत उभी करायची आहे, आणि सोयीसाठी दर महिन्याला एक कोटीचं काम धरलं आहे. आठवा महिना संपला. अकाउंट्सवाला खूश आहे: आतापर्यंत ८ कोटी खर्च व्हायला हवे होते, झाले ७ कोटीच. एक कोटी वाचले! बहुतेक मीटिंग इथेच चहा पिऊन संपतात. पण प्लॅनिंग इंजिनिअरने तिसरा आकडा टेबलावर ठेवला: प्रत्यक्ष झालेल्या कामाची मूळ अंदाजपत्रकाच्या दराने किंमत. ती निघाली ६ कोटी. म्हणजे सहा कोटींच्या कामाला सात कोटी लागले. वाचले काहीच नाहीत, उलट एक कोटी जास्तीचे गेले. शिवाय आठ महिन्यांत सहा महिन्यांचंच काम झालं. ६ भागिले ७ केलं तर ०.८६ येतात, म्हणजे रुपया खर्च करून शहाऐंशी पैशांचं काम मिळतंय. हीच चाल राहिली तर २० कोटींची इमारत साधारण २३ कोटी ३३ लाखांवर जाईल. हे आठव्या महिन्यात कळलं, तर भाव पुन्हा ठरवता येतात, टोळी बदलता येते, नासाडी कुठे होतेय ते शोधता येतं. अठराव्या महिन्यात कळलं, तर फक्त भांडता येतं.

या पद्धतीतही एक खोट आहे. वेळेचा निर्देशांक काढताना झालेल्या कामाच्या किमतीला नियोजित कामाच्या किमतीने भागतात. आपल्या इमारतीत तो ६ भागिले ८, म्हणजे ०.७५. पण काम कितीही रखडलं तरी शेवटी सगळं काम पूर्ण होतंच आणि हा भागाकार १ वर येतो. दोन वर्षं उशिरा संपलेला प्रकल्पही कागदावर वेळेत संपल्यासारखा दिसतो! त्यामुळे शेवटच्या टप्प्यात हा निर्देशांक बघून निर्धास्त होऊ नये. त्यापेक्षा "आज झालेलं काम मूळ वेळापत्रकात कोणत्या तारखेला व्हायला हवं होतं?" एवढंच विचारावं. आपल्या इमारतीचं उत्तर आहे, सहावा महिना. दोन महिने उशीर. एवढं बोललं तर चेअरमनपासून मुकादमापर्यंत सगळ्यांना कळतं.

टक्क्यांचा याहून मोठा घोटाळा असा की सगळी कामं सारख्या मोलाची नसतात. पैशांत छोटं असलेलं काम वेळेत प्रचंड मोठं असू शकतं. हे ओळखण्याची रीत १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी युनिव्हॅक संगणकावर बसवली. तोच आजचा ‘क्रिटिकल पाथ’. कोणतं काम कोणत्या कामावर अवलंबून आहे याची साखळी मांडायची आणि सगळ्यात लांब साखळी शोधायची. त्या साखळीतलं काम एक दिवस लांबलं तर प्रकल्प एक दिवस लांबतो. साखळीबाहेरच्या कामांना सवड असते. साइटवर तिला फ्लोट म्हणतात.

मुंबईची मेट्रो-३ हे याचं आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं उदाहरण. कुलाबा-वांद्रे-सीप्झ असा ३३.५ किलोमीटरचा भुयारी मार्ग, त्यासाठी शहराच्या पोटात भुयार खोदणारी १७ टीबीएम यंत्रं उतरवलेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये आरेतल्या कारशेडच्या कामाला स्थगिती मिळाली, ती उठली जुलै २०२२ मध्ये. मधल्या काळात भुयारं पुढे सरकतच होती, स्टेशनं आकार घेत होती, एकूण कामाचे टक्के वाढतच होते. पण गाडी उभी करायला, तपासायला, दुरुस्त करायला डेपो नसेल तर भुयार पूर्ण झालं तरी त्यात गाडी कुठून सोडणार? उशिराला इतरही कारणं होती, करोनाही त्यातच आला. कारशेडची जागा योग्य की अयोग्य हा वादही वेगळा. मुद्दा एवढाच की वाढणारे टक्के आणि जवळ येणारी तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, कफ परेडपर्यंतचा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये.

क्रिटिकल पाथसारख्या जाळ्याच्या आलेखांचा एक मजेदार इतिहास आहे. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ नावाची अशीच पद्धत आणली आणि तिचा जगभर बोलबाला झाला. पुढे १९७२ साली हार्वी सापोल्स्की या अभ्यासकाने त्या प्रकल्पावर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने दाखवून दिलं की पर्टचा तांत्रिक उपयोग जेमतेमच होता. मोठा उपयोग होता तो भिंतीवरचे भारदस्त तक्ते दाखवून वरिष्ठांना आणि राजकारण्यांना हस्तक्षेप करण्यापासून लांब ठेवण्याचा. पोलारिस यशस्वी झालं ते इतर कारणांनी, श्रेय मात्र तक्त्यांना मिळालं. आज मोठ्या ऑफिसांत भिंतभर स्क्रीनवर हिरवे-पिवळे-लाल दिवे लुकलुकताना पाहिले की मला हटकून सापोल्स्की आठवतो. बेंट फ्लुब्येर या डॅनिश अभ्यासकाने जगभरातल्या सोळा हजारांहून अधिक प्रकल्पांची माहिती जमवली, तेव्हा ठरलेल्या खर्चात आणि ठरलेल्या वेळेत अशा दोन्ही अटींत बसलेले निघाले शंभरातले साडेआठ. तक्त्यांचा तुटवडा हे काही त्याचं कारण नसावं.

लाल दिवा हिरवा करण्याच्या युक्त्या साइटवर सगळ्यांना ठाऊक असतात. सगळ्यात सोपी म्हणजे बेसलाइन बदलणं. बेसलाइन म्हणजे सुरुवातीला गोठवून ठेवलेलं मूळ वेळापत्रक; उशीर मोजायचा तो तिच्याशी. ‘रिव्हाइज्ड बेसलाइन’ मंजूर करून घेतली की कालचा पाच महिन्यांचा उशीर आज सकाळी शून्य होतो. कधीकधी बदल रास्त असतो: डिझाइन बदललं, जमीन मिळाली नाही, परवानगी अडकली. पण जुनी बेसलाइन पुसून टाकणं कधीच रास्त नसतं. दोन्ही रेषा एकाच आलेखावर दाखवा म्हटलं की मीटिंगमध्ये एकदम शांतता पसरते.

दुसरी गडबड कॅलेंडरची. सॉफ्टवेअरमध्ये कामाचे दिवस आपणच भरायचे असतात आणि पुष्कळ वेळापत्रकं दुसऱ्या देशासाठी केल्यासारखी असतात. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर मातीकाम आणि डांबरीकरण जवळजवळ ठप्प असतं. होळीला आणि छठला उत्तर प्रदेश-बिहारकडचे कामगार गावी जातात, आणि गेलेली टोळी ठरल्या दिवशी परतेलच असं नाही. लगीनसराई आहे, निवडणुका आहेत. आपल्याकडच्या अनेक साइटवर गवंडी आणि मिस्त्री अमावास्येला कामावर येत नाहीत. लहान गावात आठवडी बाजाराच्या दिवशी हजेरी निम्म्यावर येते. हे सगळं मुकादमाला पाठ असतं. वेळापत्रक करताना त्याला खुर्ची देऊन शेजारी बसवलं, तर एरवी महिनाभर गाजणाऱ्या अर्ध्या वादांचा निकाल पहिल्याच दिवशी लागतो.

मुकादमाला सामील करून घ्यायचं हाच ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या अमेरिकी अभ्यासकांच्या ‘लास्ट प्लॅनर’ पद्धतीचा गाभा. त्यांनी १९९० च्या दशकात अनेक साइटवर एक साधी नोंद ठेवली: आठवड्याच्या सुरुवातीला "ही कामं या आठवड्यात होतील" असं सांगितलेल्यांपैकी शनिवारपर्यंत पूर्ण किती झाली? साधारण निम्मीच. तीही अमेरिकेत, जिथे यंत्रसामग्रीला तोटा नव्हता. उपाय म्हणून त्यांनी टोळीप्रमुखांनाच विचारायला सुरुवात केली: या आठवड्यात नक्की काय करता येईल, त्यासाठी लागणारं सामान, ड्रॉइंग, मोकळी जागा आहे का? नसेल तर ते काम या आठवड्यात धरायचंच नाही. शनिवारी "झालं" किंवा "नाही झालं" एवढंच लिहायचं, टक्के नाहीत; आणि नाही झालं तर कारण लिहायचं. आपल्या साइटवर तीन महिने अशी कारणं जमवली तर "टाइल्सची निवड क्लायंटकडे अडकली" किंवा "मटेरियल लिफ्ट बंद" अशी चार-पाच ओळींचीच पुनरावृत्ती दिसू लागते. माझ्या मते लहान आणि मध्यम बिल्डरसाठी हे कोणत्याही महागड्या पॅकेजपेक्षा जास्त कामाचं आहे. त्याला एक वही पुरते. मोबाइलवर केलं तर बेरजा सोप्या होतात, इतकंच.

आकडा भरणाऱ्यावर विसंबायचं नसेल तर यंत्राच्या डोळ्याने बघावं, हा दुसरा मार्ग. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ मध्ये आपल्या प्रकल्पांचं दर महिन्याला ड्रोनने चित्रीकरण सक्तीचं केलं. दोन महिन्यांच्या फिती शेजारी लावल्या की भराव कुठे थांबलाय ते लपत नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांचा हिशेब सी-डॅकने बनवलेल्या ‘ओम्मास’ या प्रणालीत ठेवला जातो. नागपूर मेट्रोने त्रिमितीय मॉडेलला वेळ आणि खर्चही जोडणारं ‘५-डी’ बीआयएम वापरलं. खांबाच्या चित्राला हात लावला की त्याची तारीख आणि किंमतही समोर यावी, अशी ही कल्पना. पण ड्रोनला भिंतीच्या आतला पाइप दिसत नाही, आणि टॉयलेटचं वॉटरप्रूफिंग नीट झालंय की नाही हे तर कोणालाच दिसत नाही, पहिला पाऊस किंवा पहिला शेजारी वरच्या मजल्यावर राहायला येईपर्यंत.

फ्लॅट घेणाऱ्यांशी या सगळ्याचा थेट संबंध आहे. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढायचे तर काम किती टक्के झालं याच्या प्रमाणातच काढता येतात. त्यासाठी आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए अशा तिघांची प्रमाणपत्रं लागतात. म्हणजे ‘किती टक्के?’ या प्रश्नाच्या उत्तरावर इथे कोट्यवधी रुपये हलतात. आर्किटेक्टच्या प्रमाणपत्रात तर खोदाई, प्लिंथ, स्लॅब, आतल्या भिंती-गिलावा-फरशी, जिने-लिफ्टचे डक्ट, बाहेरचा गिलावा असे टक्के ओळीने वेगवेगळे द्यावे लागतात.

दुसरीकडे, महाराष्ट्राच्या रेरा नियमांतल्या नमुना करारनाम्यात पैसे भरण्याचे टप्पे आहेत: प्लिंथ झाल्यावर एकूण किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत, सगळे स्लॅब झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत, आणि शेवटचे ५ टक्के ताबा घेताना. या किमतीत जमिनीचाही वाटा असतो, त्यामुळे या टप्प्यांचा बांधकामाच्या टक्क्यांशी सरळ मेळ नसतो. व्यवहारात त्याचा अर्थ असा की शेवटचा स्लॅब पडतो तेव्हा ग्राहकाचे सत्तर टक्के गेलेले असतात, आणि विटकाम, गिलावा, प्लंबिंग, वायरिंग, फरशी, लिफ्ट, रंग ही सगळी वेळखाऊ, बाहेरून न दिसणारी कामं पुढे उभी असतात. रस्त्यावरून पाहणाऱ्याला इमारत ‘झालेली’ दिसते. नव्वद टक्क्यांचं उत्तर जन्माला येतं ते याच टप्प्यावर.

तेव्हा रविवारच्या फेरीत वॉचमनला विचारण्यापेक्षा घरी बसून महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणंही बंधनकारक आहे. संकेतस्थळावर मूळ पूर्णत्वाची तारीख आणि सुधारित तारीख दोन्ही पाहा. बिल्डरला दर तिमाहीला माहिती भरावीच लागते, आणि ती न भरणाऱ्या प्रकल्पांची नोंदणी महारेराने स्थगितही केली आहे. लागोपाठ दोन तिमाहींची प्रमाणपत्रं उतरवून घ्या आणि एकूण टक्क्यांकडे न बघता आतल्या भिंती-गिलावा-फरशीची ओळ तेवढी ताडून बघा. ती हलली नसेल तर बिल्डरला लेखी विचारा. पाणी, सांडपाणी, वीज यांच्यासह कामाचं टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक जाणून घेण्याचा हक्क रेराच्या कलम १९ ने प्रत्येक ग्राहकाला दिलेला आहे.